नील अ‍ॅडम्सचं मुखपृष्ठ पाहताना

प्रश्न असा आहे: "नील अ‍ॅडम्सने काढलेल्या सुपरमॅन-बॅटमॅनच्या मुखपृष्ठांचं जाणकार इतकं कौतुक का करतात? मला ती त्या काळातल्या इतर भडक कॉमिक्ससारखीच दिसतात. त्यांत नेमकं काय पाहायचं?"

नेमकं काय पाहायचं, हे विचारलंत ते फार बरं केलंत. अ‍ॅडम्सच्या बाबतीत "वा, काय काढलंय" म्हणून पान उलटलं की निम्मं चित्र निसटून जातं. मी अनेक वर्षं पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करतो आहे आणि विद्यार्थ्यांना कथाचित्रं शिकवतो आहे. त्या कामातून माझं जे मत बनलं आहे ते आधी सांगतो, मग उलगडतो. अ‍ॅडम्स येण्यापूर्वी डीसी कॉमिक्सचं, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या अमेरिकन कंपनीचं, मुखपृष्ठ वाचकाला शब्दांतून कोडं घालायचं. अ‍ॅडम्सने ते कोडं माणसाच्या शरीरात नेऊन ठेवलं.

हे समजायला १९५०-६०च्या दशकांतली डीसीची मुखपृष्ठं डोळ्यांसमोर आणावी लागतात. अंक विकला जायचा कोपऱ्यावरच्या दुकानात, फिरत्या तारेच्या स्टँडवर, शेजारच्या पन्नास अंकांशी स्पर्धा करत. किंमत दहा-बारा सेंट, गिऱ्हाईक शाळकरी, आणि आत काय आहे ते उघडून बघायला दुकानदार फारसा वेळ देणार नाही. म्हणून संपादक मुखपृष्ठावर अशक्य प्रसंग मांडायचे. सुपरमॅनला सिंहाचं डोकं फुटलंय, त्याचा मित्र जिमी ओल्सन राक्षसी कासव झालाय. हे असं कसं झालं, हे जाणून घ्यायला मुलगा पैसे काढायचा. ज्युलियस श्वार्ट्झसारखे संपादक तर कित्येकदा आधी मुखपृष्ठ काढून घेत आणि मग त्यावर बेतलेली कथा लेखकाकडून लिहवून घेत. पद्धत हुशारीची होती. सुपरमॅनची ही मुखपृष्ठं वर्षानुवर्षं काढणारा कर्ट स्वान हा अतिशय पक्क्या हाताचा चित्रकार होता, त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण एक प्रयोग करून बघा. त्या काळातल्या अशा एखाद्या मुखपृष्ठावरचे संवादाचे फुगे अंगठ्याने झाका. बहुतेक वेळा प्रसंगच कळेनासा होतो. माणसं नजरेच्या पातळीवर, मधल्या अंतरावर नीट उभी असतात आणि काय घडतंय ते एकमेकांना सांगत असतात. सगळा भार फुग्यावर असतो.

आता हाच अंगठा अ‍ॅडम्सच्या मुखपृष्ठावर ठेवा. गोष्ट जागच्या जागी राहते.

तो आला कुठून, हे थोडक्यात. जन्म १५ जून १९४१, न्यूयॉर्क. शिक्षण मॅनहॅटनमधल्या स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्टमध्ये. नंतर जॉनस्टोन अँड कुशिंग या जाहिरातचित्रं करणाऱ्या संस्थेत काम, आणि १९६२ ते १९६६ 'बेन केसी' ही डॉक्टरची दैनिक चित्रमालिका. डीसीत सुपरहिरोंची कामं त्याला मिळू लागली ती १९६७च्या सुमारास. म्हणजे सुपरमॅन काढण्याआधी त्याने टाय लावलेली माणसं, चिंतेत बसलेल्या बायका, टेबलावरचा कप, दिव्याचा उजेड पडलेला गाल हे सगळं रोजच्या रोज, ठरलेल्या वेळेत काढलं होतं. जाहिरातीत माणूस खरा वाटला नाही तर गिऱ्हाईक चित्र परत पाठवतं. वर्तमानपत्रांत त्याच काळी स्टॅन ड्रेकसारखे चित्रकार छायाचित्राच्या जवळ जाणारी वास्तव रेषा वापरत होते. अ‍ॅडम्स त्या घराण्यातला. ती रेषा तो उडणाऱ्या माणसांच्या दुनियेत घेऊन आला.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १९६७मध्ये कार्माइन इन्फँटिनो डीसीच्या चित्रविभागाचा प्रमुख झाला आणि मुखपृष्ठांची मांडणी तो पुष्कळदा स्वतः कच्च्या रेखाटनात करून द्यायचा. इन्फँटिनोला पानाचा आराखडा, कोरी जागा आणि आकारांचा तोल यांची विलक्षण जाण होती. त्यामुळे अ‍ॅडम्सच्या नावावरच्या प्रत्येक मुखपृष्ठाची कल्पना त्याचीच, असं धरून चालू नका. मुखपृष्ठ हे चार-पाच जणांचं काम असतं. तरीही कच्च्या रेखाटनातली आकृती अंतिम चित्रात श्वास घेते की नाही, हे शेवटी ज्याच्या हातात ब्रश असतो तोच ठरवतो.

'सुपरमॅन'चा २३३वा अंक घ्या, जानेवारी १९७१. मुखपृष्ठावर 'क्रिप्टोनाइट नेव्हरमोर' ही घोषणा; क्रिप्टोनाइट म्हणजे सुपरमॅनची ताकद हिरावून घेणारं खनिज. सुपरमॅन समोरून, छाती पुढे काढलेली, आणि त्याच्या अंगावरच्या हिरव्या क्रिप्टोनाइटच्या साखळ्या तुटून उडताहेत. साखळी तोडणारा सुपरमॅन काही नवा नव्हता. ती पोझ वाचकांनी शेकडो वेळा पाहिलेली होती. मग या एका चित्राची इतकी पोस्टरं का निघाली, इतक्या चित्रकारांनी त्याची पुन्हा पुन्हा आठवण का काढली? माझं उत्तर असं: यात साखळी हातांनी तुटत नाही, छातीच्या भात्याने तुटते. बरगड्यांचा पिंजरा वर उचललेला आहे, खांदे मागे गेलेत, आणि छातीच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर ताण नेमका कुठे पडेल हे चित्रकाराला ठाऊक आहे. आपण स्वतः खोल श्वास घेतला तर शरीर जसं वागेल तसं ते वागतंय, फक्त शंभरपट. पाहणाऱ्याची छाती नकळत तशीच भरून येते. मी विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवतो तेव्हा दोघे-तिघे तरी खुर्चीत सरळ होऊन बसतात.

आतली पानं मात्र कर्ट स्वानची आणि मर्फी अँडरसनच्या शाईची. अ‍ॅडम्सची बरीचशी कीर्ती अशी आहे: आत दुसऱ्याचं काम, बाहेर त्याचं चित्र. काही वाचकांना त्यात फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. मुखपृष्ठाने कथेचा एकच क्षण नेमका पकडायचा असतो, आणि त्या क्षणाला कथेपेक्षा जास्त जोर आला तर तो दोष मानू नये.

क्षण पकडण्यावरून 'ग्रीन लँटर्न'चा ७६वा अंक, एप्रिल १९७०. मालिकेचा खप घसरत होता. श्वार्ट्झने लेखक डेनी ओ'नील आणि अ‍ॅडम्स यांच्या हाती ती सोपवली आणि ग्रीन अ‍ॅरो या धनुर्धारी नायकाला सोबत आणून बसवलं. मुखपृष्ठावर ग्रीन लँटर्न आपली नेहमीची शपथ म्हणतोय, आणि ग्रीन अ‍ॅरोचा बाण त्याच्या अंगठीला शक्ती देणाऱ्या दिव्याच्या चिंधड्या करतोय. इथे शब्द आहेत, पण त्यांचं काम पाहा. शपथ अर्ध्यावर तुटते, कारण दिवा तुटतो. अ‍ॅडम्सने बाण सुटण्याआधीचा क्षण काढला नाही आणि दिव्याचे तुकडे जमिनीवर पडल्यानंतरचाही नाही. तुकडे हवेत आहेत, आणि वेदना चेहऱ्यावर पोचायला जो एक पळ लागतो त्या पळावर चित्र थांबलंय. 'आधी' आणि 'नंतर' दोन्ही आपल्याच मनात तयार होतात. एका मित्राने दुसऱ्या मित्राच्या श्रद्धेवर बाण का मारावा? वंशभेद, गरिबी, घरमालकांची पिळवणूक असे विषय या कथेत होते. पुढे मालिका पर्यावरणापर्यंत आणि व्यसनांपर्यंत गेली. त्या सगळ्याची सुरुवात या फुटणाऱ्या दिव्यात आहे.

व्यसनांवरून ८५वा अंक, ऑगस्ट-सप्टेंबर १९७१. माझ्या दृष्टीने अ‍ॅडम्सचं हे सर्वांत धाडसी मुखपृष्ठ. ग्रीन अ‍ॅरोने सांभाळलेला मुलगा, स्पीडी म्हणजे रॉय हार्पर, पुढच्या बाजूला वाकून बसलाय. टेबलावर सुई आणि नशेचं सामान. मागे दोन सुपरहिरो थिजून उभे. ग्रीन अ‍ॅरो म्हणतोय, माझाच मुलगा नशेबाज निघाला. अमेरिकेतल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे या धंद्याच्या स्वतःच्या नियमावलीने, अमली पदार्थांचा उल्लेखही वर्षानुवर्षं बंद ठेवला होता. १९७१मध्ये मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपनीने 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे ९६ ते ९८ हे अंक कोडच्या शिक्क्याविना काढले. त्याच वर्षी नियम सैल झाले, आणि म्हणून हे मुखपृष्ठ शिक्क्यासह दुकानात जाऊ शकलं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर जॉन लिंडसे यांनी या कथेचं स्वागत करणारं पत्र लिहिलं आणि ते पुढच्या अंकात छापलं गेलं.

हा इतिहास पुष्कळांनी सांगितलाय. चित्रकार म्हणून मला यातली उलटी उतरंड महत्त्वाची वाटते. सुपरहिरोच्या मुखपृष्ठाचा अलिखित नियम असा की नायक पुढे आणि मोठा. इथे पोशाखातले दोन बलदंड पुरुष मागे ढकललेत, त्यांचे हात रिकामे आहेत, आणि पुढची सगळी जागा एका खचलेल्या पोराने व्यापलीय. अंगठी, बाण, स्नायू, काहीही त्याच्या उपयोगाचं नाही. हे वाक्यात सांगावं लागत नाही. कोण कुठे उभं आहे एवढ्यावरूनच समजतं. आणि रॉयच्या पाठीचा बाक बघा. 'बेन केसी'त चार वर्षं रुग्ण काढलेल्या माणसाचा हात तिथे दिसतो. वेदनेत बसलेला माणूस मान कुठे टाकतो, खांदे कसे आत घेतो, हे पाठ झाल्याशिवाय असा बाक येत नाही.

इथे कुणी म्हणेल, शरीराचा जोर तर मार्व्हलमध्ये जॅक किर्बीकडेही होता. होता, भरपूर होता. किर्बीची आकृती म्हणजे स्फोट; मूठ पानातून बाहेर येते आणि शरीरशास्त्राचा हिशोब तिथे कुणी विचारत नाही, विचारूही नये. अ‍ॅडम्स तो हिशोब ठेवतो. त्याच्याकडे मूठ आपल्या अंगावर येते तेव्हा मनगट, कोपर, खांदा हे मागे मागे क्रमाने लहान होत जातात. फोरशॉर्टनिंग म्हणतात ते हेच. त्याचा बॅटमॅन वरून पडतो तेव्हा त्याला वजन असतं. किर्बी आपल्याला दिपवतो, अ‍ॅडम्स आपल्याला पटवतो. मला दोघेही लागतात.

बॅटमॅनचा विषय निघालाच आहे. १९६६ ते ६८ या काळात टीव्हीवर विनोदी अंगाने जाणारी बॅटमॅन मालिका चालली होती आणि लोकांच्या मनात तोच रंगीबेरंगी, दिवसाढवळ्या फिरणारा बॅटमॅन बसला होता. 'ब्रेव्ह अँड द बोल्ड'मध्ये १९६८पासून बॅटमॅन अ‍ॅडम्सच्या हाती आला आणि त्याने त्याला परत रात्रीत नेलं. कान लांबले, आणि केप हे अंगावरचं कापड न राहता चित्रातला सर्वांत मोठा काळा आकार झाला. 'बॅटमॅन'च्या २२७व्या अंकाचं मुखपृष्ठ, डिसेंबर १९७०, यासाठी पाहा. टेकडीवरचा वाडा, पुढे भेदरलेली तरुणी, आणि त्या सगळ्याच्या वर आकाश व्यापून राहिलेला बॅटमॅन. रचना जाणूनबुजून १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३१वरून घेतलेली आहे; बॅटमॅनच्या पहिल्याच वर्षातलं ते मुखपृष्ठ. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघण्यात फार मौज आहे. जुन्यातली रेषा कच्ची आहे, पण कल्पना अचाट: नायक माणसाच्या मापाचा नाही, हवामानासारखा आहे. अ‍ॅडम्सने कल्पनेला हात लावला नाही. त्याने फक्त त्या महाकाय आकृतीला खरा चेहरा, खरे खांदे आणि खरा अंधार दिला. इतक्या प्रेमाने केलेली उसनवारी मला मान्य आहे.

आकारमानाचा हाच खेळ 'बॅटमॅन' २५१वर, सप्टेंबर १९७३, उलटा फिरतो. राक्षसी आकाराचा जोकर इस्पिकचा एक्का पुढे धरून हसतोय, आणि पत्त्यावर बॅटमॅन जखडलेला आहे. गेली काही वर्षं जोकर जवळपास विदूषक होऊन बसला होता. या अंकात ओ'नील आणि अ‍ॅडम्सने त्याला पुन्हा खुनी केलं, आणि ते मुखपृष्ठावरच, कुणी किती मोठं आणि कुणी किती लहान एवढ्या एका निर्णयातून सांगून टाकलं.

आता रंगांबद्दल, कारण "भडक" हा तुमचा शब्द आहे. मराठी वाचकाचा डोळा दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवर घडलाय. तिथे रंग चित्रकाराचा स्वतःचा. दलालांच्या रंगाचा फटकारा किंवा मुळगावकरांच्या एअरब्रशची मऊ छटा थेट त्यांच्या हातातून आलेली. अमेरिकन कॉमिक्सचं मुखपृष्ठ तसं बनत नसे. चित्रकार काळ्या शाईत, छापील आकाराच्या साधारण दीडपट, म्हणजे दहा बाय पंधरा इंचांच्या आसपास चित्र काढायचा. त्याच्या छोट्या प्रतीवर रंगकर्मी पाणीदार रंगांनी मार्गदर्शक नमुना करायचा; डीसीत जॅक अ‍ॅडलर हे या खात्यातलं मोठं नाव. त्यावरून छपाईसाठी निळा, लाल, पिवळा अशा वेगवेगळ्या फिल्म ठरावीक टक्क्यांच्या टिंटमध्ये तयार व्हायच्या. म्हणून तिथे रंगाकडून छटांची अपेक्षा करू नये. छायाप्रकाशाचं सगळं काम काळ्या रेषेला करावं लागतं, आणि अ‍ॅडम्सची खरी श्रीमंती तिथेच आहे. उजेडाकडून अंधाराकडे जाताना तो बारीक रेषांचा पिसारा लावतो, त्याला फेदरिंग म्हणतात. त्या रेषा आकाराच्या गोलाईवरून फिरतात, त्यामुळे सपाट लाल रंगाखालीही दंड गोल दिसतो. शक्य असेल तर एखादं मुखपृष्ठ कृष्णधवल करून बघा. भडकपणा गळून पडेल आणि चित्र आणखी भक्कम दिसेल.

याच कारणासाठी आवृत्ती निवडताना जपा. २००३पासून निघालेल्या बॅटमॅनच्या संग्रहांसाठी अ‍ॅडम्सने स्वतः जुन्या चित्रांचे रंग संगणकावर नव्याने करवून घेतले आणि काही ठिकाणी रेषाही बदलल्या. चित्र त्याचं, हक्क त्याचा. पण चकचकीत छटांनी मूळ फेदरिंग दडपलं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ अंकांचे स्कॅन, किंवा डीसीने जुन्या जाहिरातींसकट जसेच्या तसे छापलेले अंक मिळाले तर तेच घ्या.

त्याच्या मर्यादाही आहेत. माणसं फार वेळा तोंड वासून ओरडत असतात, बोटं सारखी ताणलेली असतात. सलग वीस मुखपृष्ठं पाहिली की कान दुखल्यासारखं होतं. बायकांचे चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले. आणि कधीकधी त्याचा आवेश मुखपृष्ठाच्या गरजांना जुमानत नसे. 'एक्स-मेन'च्या ५६व्या अंकासाठी, १९६९ साली, त्याने सगळ्या नायकांना शीर्षकाच्या अक्षरांवरच जखडून टाकलं होतं. कल्पना अफलातून. पण आकृत्यांमागे शीर्षक झाकलं गेलं म्हणून मार्व्हलने ते नाकारलं आणि त्याला दुसरं काढावं लागलं. मुखपृष्ठं करणारा माणूस म्हणून मला इथे दोन्ही बाजू पटतात. स्टँडवर अंकाचा वरचा पट्टाच काय तो दिसत असे. शीर्षक वाचता आलं नाही तर अंक नेहमीच्या वाचकालाही सापडणार नाही. नाकारलेलं चित्र आज पाहायला मिळतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, आमच्या धंद्याचे निम्मे वाद त्यात आहेत.

सगळ्यात शेवटी वेळ काढून पाहायचं ते १९७८चं 'सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली'. मोठ्या आकाराचा अंक, पुढून मागे सलग पसरलेलं मुखपृष्ठ. मधोमध मुष्टियुद्धाच्या रिंगणात दोघे समोरासमोर, आणि भोवतीच्या गर्दीत त्या काळातली ओळखीची माणसं: फ्रँक सिनात्रा, ल्युसिल बॉल, अँडी वॉरहॉल, पेले, जॅक्सन फाइव्ह, आणि त्यांच्यात मिसळलेले डीसीचे लेखक-चित्रकार. कोण कुठे बसलंय याचा नकाशाच आत छापला होता. ज्यांची परवानगी मिळाली नाही अशा काहींना मिशी चढवून ओळख पुसली गेली. मूळ मांडणी जो क्युबर्टची होती आणि अ‍ॅडम्सने ती बरीचशी तशीच ठेवली.

त्या गर्दीत जेरी सीगल आणि जो शूस्टरही आहेत, सुपरमॅनचे जनक. दोघांनी १९३८मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरना दिले होते आणि सत्तरच्या दशकात ते हलाखीत दिवस काढत होते. १९७५मध्ये त्यांच्यासाठी वर्तमानपत्रं, टीव्ही, व्यंगचित्रकारांच्या संघटना यांची दारं ठोठावत जे उभे राहिले त्यांत नील अ‍ॅडम्स आघाडीवर होता, जेरी रॉबिन्सन सोबत होता. वर्षअखेर दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचं मानधन मंजूर झालं आणि सुपरमॅनच्या कथांवर त्यांची नावं परत आली. मूळ चित्रं चित्रकारांना परत मिळावीत म्हणूनही तो कंपन्यांशी भांडत राहिला. तोवर कित्येक मूळ पानं नष्ट केली जात किंवा वाटून टाकली जात. तुम्हाला आज अ‍ॅडम्सच्या मुखपृष्ठांच्या मूळ शाईतल्या पानांची छायाचित्रं नेटवर सापडतील. छापील मुखपृष्ठ आधी नीट पाहून घ्या आणि मग ती उघडा. पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, कडेला पेन्सिलीत लिहिलेल्या सूचना, वर चिकटवलेलं शीर्षक, आणि खाली ती रेषा, कोणत्याही रंगाशिवाय.